डॉ. पांडुरंग खानखोजे

वर्ध्यास जन्मलेल्या व नागपुरास शिकलेल्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांना लहानपणापासूनच देशस्वातंत्र्याचा ध्यास लागला होता. तरुणपणी ते अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी कृषिशास्त्राचा अभ्यास केला आणि गदर चळवळीतही उडी घेतली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. परंतु यश आले नाही आणि मायदेश दुरावला.

१९२४ साली ते मेक्सिको देशात पोहोचले. जवळ द्रव्य नव्हते. विद्या मात्र होती. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका हे तेथील गोरगरिबांचे मुख्य अन्न. पण कोठे अवर्षणाने, तर कोठे हिमाने पीक बुडे. आईबापांचे गुण लेकरांत उतरतात, तसेच ते वनस्पतींतही बीजावाटे पुढे जातात. हे जाणून त्यांनी मका व गहू यांच्या निरनिराळ्या जातींचा संकर आरंभिला. एका जातीचे पराग दुसरीस द्यावयाचे, आलेले बी पेरावयाचे, त्यांतील सकस रोपे निवडून त्यांचेच बी पुन्हा पेरावयाचे, असा हा चिकाटीचा उद्योग होता.

हे ज्ञान विद्यालयातच राहिले, तर शेतकऱ्यास त्याचा काय लाभ? म्हणून त्यांनी शेतकऱ्यांसाठी विनामूल्य कृषिशाळा काढल्या. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील एका भित्तिचित्रात, पंक्तीस बसलेल्या लोकांसाठी भाकर मोडणारा पुरुष म्हणून खानखोज्यांनाच रंगविले.

देश स्वतंत्र झाल्यावर ते परतले व नागपुरास राहिले. १९६७ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. देशाचे स्वातंत्र्य आणि गरिबाची भाकर, या दोहोंसाठी त्यांनी आपले आयुष्य वेचले.