प्लेगच्या लशीचे जनक : वाल्देमार हाफकिन

सन २०२१ च्या उन्हाळ्यात लिंबायतच्या गल्ल्यांतून जाताना एकच विषय आमच्या कानी पडत असे. लस टोचून घ्यावी की न घ्यावी? आदल्या वर्षी कोरोनाच्या साथीने सुरतेच्या ज्या भागांना प्रथम जोराचा तडाखा दिला, त्यांत आमचा लिंबायत झोन होता. यंत्रमागांचा खडखडाट थांबला होता आणि खानदेशातून येथे पोट भरण्यास आलेली कितीतरी कुटुंबे धुळे-नंदुरबारची वाट धरून परतली होती. इतके सोसूनही, लस दाराशी आली तेव्हा मते दुभंगली. टोचून घेतलेला माणूस दोन वर्षांत मरतो, असे कोणी म्हणे. तरुणांना पुढे मूल होत नाही, असे दुसरा सांगे. आम्ही इतिहास शिकवतो म्हणून काही पालक आम्हांलाही विचारीत, आणि खरे सांगायचे तर आमच्या स्वतःच्या घरातही याविषयी एकमत नव्हते. त्या दिवसांत आम्ही ज्यांचे चरित्र पुन्हा उघडून वाचले, त्या गृहस्थांनी हेच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी ऐकले होते. मुंबईत परळला ज्यांच्या नावाची संस्था आहे, ते हे वाल्देमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात प्राणिशास्त्राचा अभ्यास करीत असता त्यांना मेचनिकॉफ यांच्यासारखे गुरू लाभले. १८८१ साली ज्यू वस्त्यांवर दंगलखोरांचे हल्ले झाले, तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हा विद्यार्थीही होता. तो जखमी झाला आणि उलट त्यालाच तुरुंगात डांबण्यात आले. गुरुजींनी खटपट केली म्हणून सुटका झाली. पुढे धर्म बदलल्यास अध्यापकाची जागा मिळण्याजोगी होती. हाफकिन यांनी धर्म बदलला नाही, आणि ती जागाही मिळाली नाही. १८८८ साली त्यांनी देश सोडला. जिनेव्हास काही काळ काढून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले व तेथे प्रथम पुस्तकालयातील साहाय्यकाच्या नोकरीवर राहिले. पुस्तके लावता लावता उरलेल्या वेळात त्यांनी पटकीच्या जंतूंवर प्रयोग चालविले. १८९२ च्या जुलैत पटकीची लस तयार झाली, आणि ती त्यांनी सर्वांआधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

पटकीचे माहेरघर म्हणून हिंदुस्थानची ख्याती होती. १८९३ साली हाफकिन कलकत्त्यास उतरले. तेथील वस्त्यांत लोक प्रथम त्यांच्या जवळ येईनात. परंतु त्यांच्यासोबतच्या हिंदी डॉक्टरांनी लोकांसमक्ष आपल्या दंडात सुई घेतली, तेव्हा एकेक जण पुढे येऊ लागला. येथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. हाफकिन हे वैद्यकाचे पदवीधर नव्हते. प्राणिशास्त्राचा अभ्यासक, तोही परका व ज्यू, माणसांना सुया टोचीत हिंडतो, हे सरकारी वैद्यकखात्यातील कित्येक गोऱ्या अधिकाऱ्यांना रुचत नव्हते. याचे फळ त्यांना पुढे भोगावे लागले.

आता मुंबईकडे वळू. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात एक विचित्र ताप फैलावू लागला. काखेत व जांघेत गाठी येत आणि रोगी थोड्याच दिवसांत दगावे. हा प्लेग होय, असे निदान प्रथम केले ते डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी. ते मूळचे गोव्याचे. आमच्या घरची बोली कोंकणी असल्याने हे नाव येथे थोड्या अभिमानाने लिहीत आहो, वाचक क्षमा करतील. मराठी पत्रांनी या रोगास ग्रंथिक सन्निपात असे भारदस्त नाव दिले. लोक मात्र प्लेगच म्हणत. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक लहानशी जागा, एक कारकून व तीन शिपाई एवढ्या सरंजामावर त्यांनी कामास आरंभ केला.

लस करण्याची त्यांची रीत समजून घेण्याजोगी आहे. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवावयाचे. पण गोमांस वा डुकराचे मांस वापरले तर हिंदू व मुसलमान दोघेही दुखावतील, म्हणून त्यांनी बोकडाचे मांस घेतले. (शाकाहारी मंडळींचा आक्षेप यानेही मिटला नाही, आणि तो गैर होता असे आम्हांस म्हणवत नाही.) रसावर तुपाचे थेंब सोडीत, त्या थेंबांच्या खाली जंतू लोंबत्या झुंबरासारखे वाढत. काही आठवड्यांनी तो सर्व रस तापवून जंतू मारावयाचे आणि वर थोडे कार्बोलिक आम्ल घालावयाचे. मेलेल्या जंतूंची ओळख शरीरास झाली, की जिवंत जंतू आल्यावर ते सावध असते, एवढेच त्यातील मर्म. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःस टोचून घेतली, तीही पुढे इतरांना दिलेल्या मात्रेहून मोठी. ताप आला, हात ठणकला. तरीही ते काम करीत राहिले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा खुषीने तयार झालेल्या कैद्यांना त्यांनी लस दिली. न टोचलेल्या कैद्यांत आजार व मृत्यू उघडपणे अधिक आढळले.

परंतु लोकांचा विरोध केवळ अडाणीपणाचा होता असे जे आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो, ते आम्हांस पुरते पटत नाही. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच्या बळावर घरे तपासणे, रोग्यांना उचलून नेणे, आप्तांना छावणीत ठेवणे हे सारे सरकारी माणसे करू लागली. पुण्यात तर गोरे शिपाई थेट घरात शिरत. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडसाहेबावर गोळी झाडली, हे आपण जाणताच. मुंबईत आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगार चालून गेले होते ते याच्याही आधी, १८९६ च्या ऑक्टोबरात. जे सरकार बळाने घरात शिरते, त्याच सरकारच्या प्रयोगशाळेतून आलेली सुई सामान्य माणसाने निःशंकपणे कशी घ्यावी? टोचल्याचा दाखला असला तर छावणीत जाण्यातून सूट मिळे. ही सवलत होती, पण अनेकांना ती आडून केलेली सक्तीच वाटली. मग अफवांना ऊत आला. सुई हातभर लांब असते, टोचलेला माणूस सहा महिन्यांत मरतो, पुरुषाचे पुरुषत्व जाते व बाईस मूल होत नाही, असे पंजाबात बोलले जाई. लिंबायतमध्ये आम्ही ऐकलेली अफवा तीच होती, केवळ महिन्यांची वर्षे झाली होती.

अशा वेळी समाजातील मान्यवरांचा दाखला कामास येतो. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान हे तेव्हा विशीचेच तरुण होते. त्यांनी आपल्या अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या कामासाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. त्यांच्या मागोमाग हजारो खोजा स्त्रीपुरुषांनी लस घेतली.

१८९७ साली साथ गुजरातेत आली. आपल्या सुरतेला तिने गाठलेच, आणि दक्षिणेस पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमणमध्ये तर तिने कहर केला. मोटी दमण व नानी दमण आपल्यापैकी कित्येकांनी सहलीत पाहिले आहे. नानी दमणमध्ये हाफकिन यांनी केलेला हिशेब असा : लस घेतलेले २,१९७, त्यांत मृत्यू ३६; लस न घेतलेले ६,०३३, त्यांत मृत्यू १,४८२. म्हणजे एकीकडे शंभरात दोनही नाहीत, आणि दुसरीकडे जवळजवळ पंचवीस. आकडे डोळे दिपविणारे खरे. परंतु साथीत गाव सोडून कोण गेले, कोण आधीच आजारी होते, धडधाकट लोकच लस घेण्यास पुढे आले काय, असे प्रश्न विचारणारा मनुष्य मूर्ख ठरत नाही.

हाफकिन यांना हे कळत होते. म्हणून १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदे संस्थानातील उंधेरा या खेड्यात त्यांनी अधिक कडक कसोटी लावली. प्रत्येक घरातील साधारण अर्ध्या माणसांना लस द्यावयाची, अर्ध्यांना नाही. एकच छप्पर, एकच चूल, एकच पाणी. पुढे प्लेग आला. ज्या घरांत तो शिरला, तेथील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले, न घेतलेल्या ६४ पैकी २६. शंकेला फारशी जागा उरली नाही. मात्र हे आकडे फळ्यावर लिहिताना आमचा हात दर वेळी थोडा अडखळतो. त्या सव्वीस जणांपैकी कोणी कोणाची आई असेल, कोणी लेकरू असेल, आणि शेजारी निजणाऱ्या भावास लस मिळाली होती. आज असा प्रयोग कोणी सहज करू देणार नाही. तथापि या प्रयोगावाचून लशीचा पुरावा इतका निर्विवाद झाला नसता, हेही तितकेच खरे आहे.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा उघडली आणि तेथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिशनने हाफकिन यांच्या पद्धतीत दोष काढले, पण लस उपयोगी आहे हे मान्य केले.

आणि मग मुल्कोवाल. पंजाबातील या गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना लस टोचण्यात आली. काही दिवसांत त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सारे एकाच बाटलीतील लस घेतलेले. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. दोष बाटली परळला भरताना झाला की मुल्कोवालला उघडताना? मागणी भागविण्यासाठी हाफकिन यांनी लस करण्याच्या रीतीत फेरफार करून कार्बोलिक आम्ल वगळले होते, यावर चौकशी मंडळाने बोट ठेवले व ठपका प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. १९०४ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तोच नुसता बुडवून पुन्हा वापरला गेला होता, ही गोष्ट चौकशीत नोंदली गेली होती. तिचे वजन मात्र कोणी जोखले नाही. ज्या मनुष्याने अफवांना आकड्यांनी उत्तर दिले, त्याचाच न्याय करताना पुरावा नीट मोजला गेला नाही.

पुढे मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी हा विषय उचलून धरला. १९०७ च्या जुलैत दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरले. मधली पाच वर्षे कोण भरून देणार? मुल्कोवालनंतर पंजाबातील लसीकरण पार ओसरले होते, आणि १९०७ या एकाच वर्षी हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे मेली. त्यांपैकी किती जण लशीने वाचले असते, हे सांगता येणार नाही. हाफकिन कलकत्त्यास परतले, परंतु प्लेगची लस बनविण्याचे काम त्यांच्याकडे पुन्हा आले नाही. महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात गेले.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते हयात होते. आयुष्यभर ते अविवाहित राहिले. आपली पुंजी त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मविद्यालयांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ साली आपल्या टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे पंधरा पैशांचे तिकीट काढले. जुनी तिकिटे जमविणाऱ्या कोणा विद्यार्थ्याच्या वहीत ते असेल, तर त्याने वर्गात अवश्य आणून दाखवावे.