विश्लेषण : मोटारीच्या ब्रेकला चामडे लावून घेणाऱ्या बर्था बेंझ कोण होत्या? जव्हार-मोखाड्याच्या घाटात त्यांचा धडा आजही का उपयोगी?

पावसाळा सुरू झाला की दाभोसा धबधबा आणि जय विलास पॅलेस पाहण्यासाठी मुंबई, ठाणे, नाशिकच्या गाड्या जव्हार-मोखाड्याकडे वळतात. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे परतीच्या वाटेवर विक्रमगडकडे जाताना घाट उतरणे आलेच. अशा उतारावर गाडी थांबली नाही की ‘ब्रेक फेल’ हे कारण सांगून विषय संपतो. प्रत्यक्षात ब्रेक तुटलेला असतोच असे नाही. अनेकदा तो आधीच झिजलेला किंवा जास्त तापलेला असतो. ब्रेकमध्ये घासणारा भाग सर्वांत महत्त्वाचा असतो, हे १८८८ मध्ये जर्मनीतील एका महिलेने भर रस्त्यात ओळखले. त्या होत्या बर्था बेंझ.

बर्था बेंझ कोण होत्या?

बर्था रिंगर यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फोर्झहाइम या गावी झाला. वडील सुतारकाम आणि बांधकाम व्यवसायातून सधन झालेले होते. १८६९ मध्ये एका सहलीत त्यांची ओळख कार्ल बेंझ या तरुण अभियंत्याशी झाली. कार्ल यांच्याकडे कल्पना होत्या, पैसा नव्हता. मानहाइम येथे सुरू केलेल्या कारखान्यातील भागीदाराशी त्यांचे जमेना. तेव्हा बर्था यांनी लग्नात मिळणारी रक्कम लग्नाआधीच मागून घेतली. त्या पैशांतून भागीदाराचा हिस्सा विकत घेतला गेला. २० जुलै १८७२ रोजी दोघांचा विवाह झाला.

पुढची काही वर्षे ओढाताणीची होती. १८७९ च्या शेवटच्या रात्री कार्ल यांचे टू-स्ट्रोक इंजिन अखेर नीट चालले. २९ जानेवारी १८८६ रोजी त्यांनी तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यावर नाव एकट्या कार्ल यांचे होते. या उद्योगात ज्यांचा पैसा पणाला लागला होता, त्या बर्था यांचे नाव त्यात नव्हते.

१८८८ चा प्रवास का करावा लागला?

मोटार तयार होती, पण ग्राहक नव्हते. घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीवर लोकांचा भरवसा बसत नव्हता. ती तोवर मानहाइमच्या आसपासच फिरली होती. बर्था यांनी ठरवले की गाडी लांब पल्ल्यावर नेऊन दाखवायची. ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे, कार्ल यांना न सांगता, १५ वर्षांचा युगेन आणि १३ वर्षांचा रिशार्ड या मुलांना घेऊन त्या फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. अंतर होते सुमारे १०४ किलोमीटर.

पेट्रोल पंप अस्तित्वात नव्हते. वीसलोख गावातील औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन हे द्रावण घेतले आणि तेच इंधन म्हणून वापरले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. इग्निशनच्या तारेवरचे आवरण गेले, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळीचे काम ब्रुखसालच्या लोहाराकडून करून घेतले. चढावर इंजिनाचा दम संपला की गाडी ढकलावी लागे.

ब्रेकचे काय झाले?

चढापेक्षा उतार अवघड ठरला. या गाडीत तरफ ओढली की लाकडी ठोकळे चाकांवर दाबले जात. उतारावर सतत घासून ते झिजू लागले. बाउश्लोट गावात बर्था यांनी चांभार गाठला आणि ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. चामडे पकड देते आणि झिजले की बदलता येते. ब्रेकची यंत्रणा तीच ठेवून फक्त घासणारा थर बदलायचा, ही आजच्या ब्रेक लायनिंगमागची मूळ कल्पना आहे. मोटारीच्या ब्रेकला लायनिंग लावण्याची ही पहिली घटना मानली जाते.

संध्याकाळी फोर्झहाइमला पोहोचताच बर्था यांनी कार्ल यांना तार केली. काही दिवसांनी त्या गाडी चालवतच मानहाइमला परतल्या. प्रवासातील अडचणी ऐकून कार्ल यांनी चढासाठी आणखी एक कमी गतीचा गिअर बसवला.

चामड्यापासून डिस्कपर्यंत

१८९७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी डोंगराळ भागातील घोडागाड्यांसाठी ब्रेकचे ठोकळे बनवायला सुरुवात केली. त्यातूनच फेरोडो कंपनी उभी राहिली. १९०२ मध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. १९५३ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या जॅग्वारने जिंकली आणि या ब्रेकची ताकद जगाला दिसली.

घाट आणि रेसट्रॅक यांत साम्य काय?

ब्रेक गाडीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. १२०० किलोची गाडी ३०० मीटर उतरली आणि सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर सुमारे ३५ लाख ज्यूल उष्णता तयार होते. ताशी १०० किलोमीटर वेगातून तीच गाडी सात-आठ वेळा पूर्ण थांबवण्याइतकी ही उष्णता आहे. चेन्नईजवळच्या किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायला जाणाऱ्यांना ‘ट्रॅक डे’ला हाच अनुभव येतो. ताशी १८० वरून ८० वर येताना सुमारे १२ लाख ज्यूल, म्हणजे अशी तीनच वळणे ३०० मीटरच्या घाटाइतकी उष्णता देतात.

पॅड आणि डिस्कची निवड, देखभाल कशी करावी?

* रस्त्यासाठीचे पॅड थंड असतानाही पकडतात, पण फार तापले की त्यांची पकड सुटते. ट्रॅकचे पॅड जास्त तापमान सोसतात, मात्र थंड असताना कमी पकडतात. त्यामुळे ट्रॅकचे पॅड लावून घाटात जाणे योग्य नाही.
* पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापले आहेत. पेडल मऊ होऊन खाली जाते, तर ब्रेक फ्लुइड उकळल्याची शक्यता असते. डॉट-४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सियस असतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत येऊ शकतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी, आणि ट्रॅक डेपूर्वी, ते बदलावे.
* पॅडचा घासणारा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलावेत.
* डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली गेल्यास ती बाद. कडेपर्यंत गेलेली भेग दिसली तरीही बाद.
* ट्रॅकवर शेवटची फेरी हळू मारून ब्रेक थंड होऊ द्यावेत. डिस्क तापलेली असताना पेडल दाबून उभे राहू नये.
* घाटात ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, असे जुने चालक सांगतात. त्यामुळे गाडी रोखण्याचे बरेचसे काम इंजिन करते.

पुढे बर्था यांचे काय झाले?

कार्ल १९०३ मध्ये कंपनीच्या व्यवस्थापनातून बाजूला झाले आणि कुटुंब लाडेनबुर्गला स्थायिक झाले. १९२६ मध्ये डाइमलर-बेंझ ही एकत्रित कंपनी झाली. आज पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांवरही बेंझ हे आडनाव असते. कार्ल यांचे १९२९ मध्ये निधन झाले. कार्ल्सरूहच्या तांत्रिक विद्यापीठाने बर्था यांना ९५ व्या वाढदिवशी मानद सिनेटर केले. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रवासाचा मार्ग २००८ पासून बर्था बेंझ स्मृतिमार्ग म्हणून ओळखला जातो.

बाउश्लोटला त्या थांबल्या तेव्हा ब्रेक निकामी झाला नव्हता, झिजू लागला होता. जव्हारचा घाट उतरण्यापूर्वी टायरची हवा तपासतो, तसे पॅडवरही एकदा नजर टाकायला पाच मिनिटे पुरतात.