शहाजीराजे भोसले : बंगळूरच्या दरबारातील वंशगाथा

मालोजीराजांचे पुत्र शहाजीराजे निजामशाहीत नावारूपास आले. लखुजी जाधवरावांची कन्या जिजाबाई ही त्यांची पत्नी. जाधव आपले कूळ देवगिरीच्या यादवांशी जोडीत. भोसले मेवाडच्या सिसोदियांमार्फत सूर्यवंशाशी.

१६३६ साली निजामशाही बुडाली. शहाजीराजे आदिलशाहीत गेले आणि रणदुल्लाखानाच्या कर्नाटक मोहिमेनंतर बंगळूर त्यांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. येथे पंडित-कवींना आश्रय मिळाला. जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’त राजांचे गुणवर्णन करताना त्यांचे कूळ राण्यांच्या वंशाशी जोडले. १६७४ साली रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक झाला, तेव्हा हाच दावा निर्णायक ठरला. क्षत्रियत्वावाचून अभिषेक होणे नव्हते. तंजावरच्या भोसल्यांनी तर १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतींवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला.

सिसोदियांशी असलेल्या या दुव्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. ज्यांच्यासाठी ही वंशगाथा रचली गेली, ते शहाजीराजे मात्र अभिषेकाच्या दहा वर्षे आधीच, २३ जानेवारी १६६४ रोजी, होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून निवर्तले. त्यांची समाधी तेथेच, कन्नड मातीत आहे. पूर्वजांच्या नावाने कुळाला मान मिळाला असेल. राज्ये मात्र त्यांच्या पुत्रांनी पराक्रमाने उभारली.