प्लेटलेट्सची ओळख पटवणारा डॉक्टर

डेंगीच्या दिवसांत घरोघरी प्लेटलेट्सचे आकडे विचारले जातात. पण रक्तातल्या या सूक्ष्म कणांचे काम जगाला दाखवून देणाऱ्या जुलिओ बिझोझेरो यांचे नाव फारसे कुणाच्या कानावर नसते.

1846 मध्ये इटलीतील वारेसे येथे त्यांचा जन्म झाला. पाविया विद्यापीठातून ते विसाव्या वर्षी डॉक्टर झाले. पुढे नोबेल मिळवणारे कामिल्लो गोल्जी वयाने मोठे असूनही त्यांच्या प्रयोगशाळेत शिकले. रक्तपेशी हाडांच्या मगजात तयार होतात, हे 1868 मध्ये बिझोझेरो यांनी दाखवले. त्याच सुमारास जर्मनीत नॉयमान यांनीही तेच सांगितले.

रक्तातले बारीक कण याआधीही काहींना दिसले होते. मात्र तो फुटलेल्या पांढऱ्या पेशींचा कचरा असावा, असा अनेकांचा समज होता. शरीराबाहेर काढलेल्या रक्तात हे कण लगेच बदलतात. म्हणून ट्यूरिनमध्ये बिझोझेरो यांनी जिवंत प्राण्यांच्या आतड्याजवळील बारीक रक्तवाहिन्याच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. वाहिनीला इजा होताच हे कण तिथे चिकटत आणि त्यांचा थर रक्तस्राव रोखे. 1881-82 मध्ये त्यांनी हे मांडले. हे कण म्हणजे रक्तातला स्वतंत्र घटक आहे, हे यातून सिद्ध झाले.

उत्तरायुष्यात डोळ्यांच्या विकारामुळे सूक्ष्मदर्शक सुटला. तेव्हा त्यांनी सार्वजनिक आरोग्याच्या कामाला वाहून घेतले. 1890 मध्ये ते सिनेटर झाले. 1901 मध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. मगजातल्या ज्या मोठ्या पेशी त्यांनी पाहिल्या होत्या, त्यांच्यापासूनच प्लेटलेट्स बनतात, हे 1906 मध्ये जेम्स राइट यांनी दाखवले. ते ऐकायला बिझोझेरो नव्हते.

त्यांनी पाहिलेला चिकटण्याचा गुण रुग्णाला वाचवतो, पण रक्तपेढीचे काम अवघड करतो. 1950 नंतर काचेच्या बाटल्यांऐवजी जोडलेल्या प्लास्टिक पिशव्या आल्या आणि रक्ताचे घटक वेगळे करणे सोपे झाले. प्रचलित पद्धतीत दात्याचे रक्त आधी सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवतात. जड लाल पेशी तळाशी बसतात आणि वरचा प्लेटलेट्सयुक्त द्रव दुसऱ्या पिशवीत घेतात. तो वेगाने फिरवला की प्लेटलेट्स खाली जमतात. मग थोडा प्लाझ्मा ठेवून उरलेला काढून घेतात. पिशवी काही वेळ स्थिर ठेवली की गोळा झालेल्या प्लेटलेट्स पुन्हा सुट्या होतात.

प्लेटलेट्स फ्रीजमध्ये ठेवल्या तर त्यांचा आकार बदलतो आणि रुग्णाच्या शरीरात त्या फार काळ टिकत नाहीत. म्हणून त्या 20 ते 24 अंश सेल्सिअसला, सतत हलक्या हाताने झुलवत ठेवतात. तरीही साधारण पाच दिवसांतच त्या वापराव्या लागतात. लाल पेशी महिनाभर टिकतात, प्लेटलेट्सचा साठा मात्र करून ठेवता येत नाही. त्यासाठी वर्षभर, नियमित येणारे रक्तदातेच हवेत.