तसबिरीतील पोशाख

आपल्या वस्तीत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर नसलेले घर क्वचितच आढळेल. अंगात कोट, गळ्यात टाय, डोळ्यांवर चष्मा, असे त्यांचे रूप लहान मूलही ओळखते. मूळ छायाचित्रे कृष्णधवल होती. कोटाला निळा रंग दिला तो पुढच्या चित्रकारांनी. पोशाख मात्र बाबासाहेबांनी स्वतः निवडलेला होता आणि त्या निवडीमागे त्यांचे अवघे आयुष्य उभे होते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळ यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळे बसावे लागे आणि बसण्याचे गोणपाटही घरूनच न्यावे लागे. १९०१ साली वडील गोरेगाव येथे नोकरीस असताना बाल भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले त्यांना भेटावयास निघाली. प्रवासासाठी नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे आणि नवे बूट आणले होते. मसूर स्थानकावर घ्यायला कोणी आले नव्हते. मुलांचा पोशाख पाहून स्टेशनमास्तरांनी त्यांना ब्राह्मणांची मुले समजून आपुलकीने चौकशी केली. पण जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. गाडीवानही तयार होईनात. अखेर एक जण दुप्पट भाड्याने कबूल झाला, तोही मुलांनीच गाडी हाकावी या अटीवर. वाटेत रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही.

कपड्यांनी मिळवून दिलेला मान एका शब्दासरशी गेला. पुढे १९१७ साली, कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा विद्वत्तेचीही तीच गत झाली. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून त्यांनी एका पारशी विश्रामगृहात आसरा घेतला. खरी ओळख उघड होताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले.

मग अशा माणसाने पोशाखाला इतके महत्त्व का द्यावे? याचे उत्तर महाडला मिळते. मनुस्मृतीने चांडाळांसाठी मृतांची वस्त्रे नेमून दिली होती. कोणी काय ल्यावे, काय नेसावे, हे दुसऱ्यांनी ठरवायचे, हाच त्या व्यवस्थेचा नियम होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांशी वेगळा संवाद साधला. लुगडे नेसण्याची ठरावीक तऱ्हा आणि गळ्याहातांतील चांदी-कथलाच्या दागिन्यांचा भार यांवरून त्यांची जात दुरूनच ओळखली जाते. या खुणा टाकून द्याव्यात, वस्त्र जुने असले तरी स्वच्छ असावे, असे त्यांनी समजावले. अनेक भगिनींनी महाड सोडण्यापूर्वीच नेसण्याची पद्धत बदलली. लादलेली खूण उतरवून ठेवण्याचा तो निर्धार होता. बाबासाहेबांच्या कोट-टायकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

तो पोशाख म्हणजे परदेशाचे अनुकरण असते, तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षासमारंभातही ते त्याच वेषात आले असते. त्या दिवशी त्यांनी पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट परिधान केला होता. समोरचा लक्षावधींचा समुदायही शुभ्र वस्त्रांत होता. गोलमेज परिषदेतील पोशाख त्यांनी निवडला आणि धम्मदीक्षेचाही त्यांनीच निवडला.

चितेगावातून पैठण रस्त्याने शहरात गेले की नागसेनवन लागते. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेथे महाविद्यालय सुरू केले आणि मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतील मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. आपल्यापैकी कितीतरी घरांतील पहिला पदवीधर त्याच दारातून आत गेला असेल. त्याचे पदवीदानाचे छायाचित्र आजही बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी टांगलेले दिसते.

अशाच एखाद्या छायाचित्रासाठी आपली मुले-मुली उद्या उभी राहतील. कपडे महागडे नसले तरी चालतील. ते स्वच्छ असावेत आणि मुलांच्या स्वतःच्या पसंतीचे असावेत. ज्यांच्या पणजोबांना नवे वस्त्र अंगावर घालण्याचीही मोकळीक नव्हती, त्यांच्यासाठी ही पसंती मोलाची आहे.