हिप्परग्याचे मुख्याध्यापक

सुट्टीत मुलाबाळांसह लोहाऱ्याकडील जुन्या स्नेह्यांच्या भेटीस जाणारी कुटुंबे तुळजापूरचे दर्शन आवर्जून घेतात. लोहारा तालुक्यातीलच हिप्परगा (रवा) मात्र राहून जाते. मुलांना दाखवावे असे हे गाव आहे.

येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. निजामी राजवटीत शिक्षणाचे माध्यम उर्दू, खासगी शाळांवर करडी नजर. अशा शाळेत १९२९ मध्ये व्यंकटेश भगवानराव खेडगीकर मुख्याध्यापक म्हणून आले. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, सिंदगी (जि. विजापूर). १९२० मध्ये लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर, शाळकरी वयातच, त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतली होती. पुढे कामगार नेते ना. म. जोशी यांचे ते सचिव होते. स्वतःचा संसार नव्हता. शाळेतील मुले हाच त्यांचा गोतावळा. १९३२ मध्ये येथेच संन्यासदीक्षा घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. वस्त्रे भगवी झाली, तरी अध्यापन सुटले नाही.

१९३५ मध्ये ते अंबाजोगाईस गेले. त्यानंतरचा इतिहास सर्वपरिचित आहे : १९३८ चा स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, तुरुंगवास, १७ सप्टेंबर १९४८ ची मुक्ती. सेनानी सर्वांना ठाऊक झाला, शिक्षक काहीसा विस्मरणात गेला. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.