देवी टोचणारा डॉक्टर आणि पानांवरचे बुडबुडे

यान इंगेनहाउस हे १७३० मध्ये हॉलंडमधल्या ब्रेडा येथे जन्मलेले डॉक्टर. देवीच्या रोग्याचा पू निरोगी माणसाला टोचायचा, हे त्यांचे जोखमीचे काम. १७६८ मध्ये त्यांनी व्हिएन्नाच्या राजघराण्यातील मुलांना टोचले. एखादे दगावले असते तर? मुले तरली, ते राजवैद्य झाले.

१७७९च्या उन्हाळ्यात लंडनजवळ राहून त्यांनी पाचशेहून अधिक प्रयोग केले. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येत, अंधारात थांबत. झाडाने हवा सुधारते, हे प्रीस्टली यांनी आधीच दाखवले होते. पण ते काम हिरवे भागच करतात आणि त्यांना ऊब नव्हे, उजेड लागतो, हे इंगेनहाउस यांचे. रात्री झाडेही आपल्यासारखाच श्वास घेतात. (खोलीतल्या कुंडीला मात्र भिऊ नये, ती घेते ते फारच थोडे.)

धसईच्या खाचरातल्या भाताची पात घ्या. तिच्या हिरव्या पेशींत हरितलवके असतात, त्यांत भाकऱ्यांच्या चवडीसारख्या रचलेल्या पातळ चकत्या. त्यामुळे एवढ्याशा जागेत हरितद्रव्याला भरपूर पृष्ठभाग मिळतो. चकत्यांवर ऊन पकडले जाते, पाणी फुटून ऑक्सिजन सुटतो; भोवतालच्या द्रवात साखर बनते. हे उलगडायच्या कितीतरी आधी, १७९९ मध्ये, इंगेनहाउस इंग्लंडमध्ये वारले.